कंपनीबाहेरचे इंजिन हार्नेस, एका पावसाळ्यानंतर: तांबे चांगले, रबर वाईट

इंजिनचे वायरिंग हार्नेस, म्हणजे सेन्सर आणि इतर भागांना जोडणाऱ्या तारांचा तयार जुडगा, कंपनीबाहेरचे (गाडीच्या कंपनीने न बनवलेले) घ्यावे का, असे मला मे महिन्यात कोणी विचारले असते तर मी 'अवश्य घ्या' म्हणालो असतो आणि ऑगस्टमध्ये 'फुकट दिले तरी नको' म्हणालो असतो. आता जानेवारीत माझे मत या दोहोंच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबले आहे, आणि ते ज्या गोष्टीमुळे थांबले आहे ती शेंगदाण्यापेक्षाही लहान आहे.

माझी गाडी बीएस-४ काळातली चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. ती गोव्यात डिचोलीला घराशेजारी उघड्यावर उभी असते. उंदरांनी बॉनेटखालच्या तारा इतक्या कुरतडल्या की तुकडे जोडण्यात अर्थ उरला नव्हता. अधिकृत सर्व्हिस सेंटरने मूळ हार्नेसचे अंदाजपत्रक मजुरी सोडून १६,००० रुपयांच्या वर दिले, तर कंपनीबाहेरचे ६,२०० रुपयांत घरपोच मिळत होते. जुन्या गाडीवर किती खर्च करायचा याचा हिशेब मी नेहमीच काटेकोरपणे करतो, त्यामुळे निवड सोपी होती.

बसवण्याचे काम आमच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने नीट केले. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून ठेवली, हार्नेस आधी इंजिनवर नुसते पसरले, प्रत्येक शाखा आपापल्या सेन्सरपर्यंत न ताणता पोहोचते ना ते पाहिले, आणि मगच क्लिपा दाबल्या. अर्थच्या, म्हणजे गाडीच्या धातूला जोडल्या जाणाऱ्या ऋण तारांच्या, रिंगा बसतात त्या जागांचा रंग खरवडून खालचा धातू उघडा केला. पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरचे कपलर (तारांच्या टोकाचे प्लग) एकसारखे असतात, पण शाखांची लांबी मुळाप्रमाणेच असल्यामुळे घोटाळ्याला वाव नव्हता. तारांचे रंगही तेच होते. गाडी पहिल्याच स्टार्टरला चालू झाली, चेक इंजिनचा दिवा विझला आणि मी विक्रेत्याला पाच तारे देऊन मोकळा झालो.

जुलैत चोर्ला घाट चढताना, भर पावसात, इंजिन एकाएकी बंद पडले. काही वेळाने चालू झाले आणि पुढच्या वळणावर पुन्हा बंद पडले. स्कॅनरवर पी०३३५ हा कोड आला, म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) सेन्सरच्या सर्किटमधला दोष. क्रँक नेमका कुठल्या स्थितीत आहे हे कळले नाही तर ठिणगी केव्हा पाडायची आणि पेट्रोल केव्हा सोडायचे हेच ईसीएमला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या संगणकाला, ठरवता येत नाही, म्हणून हा एक सेन्सर गप्प झाला की गाडी जागीच थांबते. विक्रेत्याकडून फोनवर एकच सल्ला मिळत राहिला, 'सर, सेन्सर बदलून पाहा.' सेन्सर बदलला. पुढच्या मोठ्या पावसात तोच कोड परत आला, आणि सेन्सरचे पैसे गेले ते गेलेच.

शेवटी इलेक्ट्रिशियनने मल्टिमीटर लावला. माझ्या गाडीतला क्रँक सेन्सर तीन तारांचा, हॉल प्रकारचा (चुंबकीय क्षेत्रातला बदल ओळखणारा) आहे: ५ व्होल्टचा पुरवठा, सिग्नल आणि अर्थ. ईसीएमकडे पुरते ५ व्होल्ट होते, सेन्सरच्या पिनेवर मात्र चारसुद्धा भरत नव्हते. कपलर सोडवला तेव्हा पुरवठ्याची पिन हिरवी पडलेली दिसली, बाकीच्या दोन जवळजवळ स्वच्छ. ओल्या पिनेवर सतत व्होल्टेज राहिले की धन बाजूचे तांबे आधी खाल्ले जाते, त्यामुळे पाणी आत शिरले होते याबद्दल शंका उरली नाही.

आता त्या लहान वस्तूकडे वळतो. कपलरच्या पाठीमागून आत जाणाऱ्या प्रत्येक तारेभोवती एक स्वतंत्र रबरी सील असते आणि त्याचे भोक तारेच्या आवरणाला घट्ट बसावे लागते. या हार्नेसमधल्या तारांचे आवरण पातळ आहे आणि सील मात्र जाड आवरणाच्या तारेसाठी बनवलेले आहे. तार बोटाने हलवली तर भोकात ती सहज डुलते. क्रँक सेन्सर इंजिनच्या तळाशी, गिअरबॉक्सच्या बाजूला असल्यामुळे खड्ड्यातले पाणी थेट तिथे उडते. त्याहून वाईट म्हणजे तापलेल्या कपलरवर गार पाणी पडले की आतली हवा आकसते आणि फटीतून पाणी ओढून घेते. आकाराला न बसणारे सील असे रोज पाणी पीत असते. कोरड्या मुलखात ही उणीव वर्षानुवर्षे कळणार नाही. आमच्याकडे जून ते सप्टेंबर तिला पुरेसे होतात.

याच काळात गाडीचे मायलेज उतरत होते आणि त्याचा दोष मी घाटाला देत होतो. कूलंटचा तापमान सेन्सर तपासल्यावर कारण कळले. त्याचा रोध तापमान वाढेल तसा कमी होतो: माझ्या गाडीतल्या प्रकारात २० अंशांना सुमारे अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या थोडा वर. गंजलेल्या पिनेने त्यात पाचशे ओहमची भर घातली की ८० अंशांचे इंजिन ईसीएमला जेमतेम ५० अंशांचे वाटते आणि ते थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल सोडत राहते. तार तुटलेली नसल्यामुळे माझ्या गाडीत दिवाही लागला नाही. घाटात बंद पडण्यापेक्षा हे मला अधिक झोंबले, कारण हे पैसे पंपावर गुपचूप गेले.

तरीही हार्नेस काढून फेकावे या निर्णयावरून मी मागे आलो, त्याला कारण मोजमापांचे होते. तार खरवडली तर आत शुद्ध तांबे आहे, वरून तांब्याचा मुलामा दिलेले ॲल्युमिनियम नाही. इंजिन चालू, हेडलाइट आणि पंखा चालू असताना अर्थच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वाटेत गळणारे व्होल्टेज, ०.१ व्होल्टच्या आत राहिला. ऑक्सिजन सेन्सरचा सगळा सिग्नलच ०.१ ते ०.९ व्होल्टच्या दरम्यान हलतो, त्यामुळे हा आकडा क्षुल्लक मानता येत नाही. जोड डाग देऊन नव्हे, दाबून बसवलेले आहेत, त्यामुळे कंपनाने तारा ताठ होऊन तुटण्याची भीती कमी.

विक्रेत्याने वॉरंटी नाकारली, कारण काय तर पाण्याने झालेले नुकसान त्यात येत नाही. इंजिनच्या तळाशी बसणाऱ्या वस्तूला पाणी वर्ज्य, हे तर्कशास्त्र माझ्या पचनी पडलेले नाही. क्रँक, कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) आणि कूलंट या तिन्ही सेन्सरच्या कपलरची सील व पिना बदलल्या, सीलवर सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवला आणि तारा कपलरच्या खाली झोळ घेऊन वर येतील अशा बांधल्या, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते. मजुरीसह सुमारे १,४०० रुपये लागले. वाया गेलेला सेन्सर धरूनही मूळ हार्नेसपेक्षा खर्च कमीच आहे. सप्टेंबरातल्या उरलेल्या पावसात गाडी एकदाही बंद पडली नाही आणि मायलेज पूर्ववत झाले.

घेणाऱ्याने तारेच्या आवरणाचा बाहेरचा व्यास आणि सीलच्या भोकाचा व्यास हे दोन आकडे आधी मागावेत. विक्रेत्याला ते सांगता आले नाहीत तर निदान गोव्यात मूळ हार्नेसच घ्यावे. माझ्या गाडीतल्या इंजेक्टरच्या चार कपलरना अजून जुनीच सैल सील आहेत. ती फेब्रुवारीत बदलायची ठरली आहेत.