शॅमेलिऑन स्टार्टर किट, सहा महिने वापरून : अडीच स्टार, त्यातले दोन जाळीचे

शॅमेलिऑन म्हणजे रंग बदलणारा सरडा, तो पाळायला लागणाऱ्या वस्तूंचा हा किट. आधीच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाही, कारण असले किट बरेच जण विकतात आणि आतला माल थोड्याफार फरकाने सारखाच असतो. खोक्यावर लिहिलंय ‘सगळं आत आहे, फक्त शॅमेलिऑन आणा’. मी तेच केलं. किट आणि पिल्लू एकाच दिवशी आणलं आणि ही माझी पहिली चूक, किटची नाही. सेटअप आधी लावून आठवडाभर रिकामा चालवून बघायला पाहिजे होता, तापमान कुठे किती जातंय, ओल किती टिकतेय वगैरे, पण तेवढा दम कुठला.

पिल्लू म्हणजे व्हेल्ड शॅमेलिऑन, मूळचे येमेन आणि सौदीच्या नैऋत्य डोंगराळ पट्ट्यातले, डोक्यावर टोपीसारखा तुरा असतो ते. आला तेव्हा अंदाजे तीन महिन्यांचा, वजनकाट्यावर 14 ग्रॅम. मागच्या पायाच्या टाचेला बारीक बोंडासारखं काहीतरी होतं म्हणजे नर, हे व्हेल्डमध्ये जन्मापासून दिसतं. चेहरा असा की सगळ्या जगावर नाराज, म्हणून नाव ठेवलं तात्या.

किटमध्ये काय होतं तर 40 बाय 40 बाय 75 सेंटीमीटरचा जाळीचा पिंजरा, एक पिळाचा यूव्हीबी (उन्हातले अतिनील किरण) देणारा बल्ब, 100 वॉटचा गरम बल्ब, रात्रीसाठी लाल बल्ब, काटेवाला ओलावा मीटर, प्लास्टिकच्या वेली, ड्रिपर, स्प्रेची बाटली, पाण्याची वाटी, किडे ठेवायचा कप, लाकडाच्या सालीच्या तुकड्यांची पिशवी, एक पावडर आणि बारा पानी पुस्तिका. ऐकायला भरगच्च. आज यातलं जाळी, ड्रिपर, बाटली आणि कप एवढंच वापरात आहे.

आधी चांगलं बोलतो. जाळी खरंच छान आहे. अॅल्युमिनियमची चौकट, स्क्रूड्रायव्हर घेऊन एका माणसाने अर्ध्या तासात उभी राहते, खालचा ट्रे बाहेर सरकतो, दाराला दोन कड्या. जाळीचे टोक कुठे बाहेर आलेलं नाही, हे महत्त्वाचं आहे कारण यांची बोटं दोन आणि तीन अशी चिकटून चिमट्यासारखी झालेली असतात आणि पोरगं दिवसभर जाळीला लटकून चालतं, नख अडकलं की संपलं. फक्त पुस्तिकेत लिहिलंय की हा पिंजरा आयुष्यभर पुरतो, ते साफ चूक. पिल्लाला हा ठीक, पण मोठ्या नराला 60 बाय 60 बाय 120 तरी लागतो, शेपटीसकट दीड-दोन फुटाचा प्राणी होतो तो. सरड्याची धाव कुंपणापर्यंत म्हणतात ना, मग कुंपण तरी जरा लांब ठेवा.

ड्रिपर पण मस्त. साधं भांडं, खाली बारीक नळी आणि चावी, सेकंदाला एखादा थेंब पडेल असं सोडायचं. याची गंमत अशी की शॅमेलिऑन साठलेलं पाणी प्यायचं म्हणून ओळखतच नाही बहुतेक वेळा, त्याला पानावर हलणारा चमकणारा थेंब लागतो. मग वाटी कशाला दिली किटमध्ये देव जाणे. तात्या पहिले दोन दिवस प्यायलाच नाही, त्याचे डोळे जरा आत गेलेले वाटायला लागले आणि शी केली त्यात जो पांढरा भाग असतो तो पिवळसर केशरी आला, म्हणजे पाणी कमी पडतंय. मी वाटी त्याच्या तोंडासमोर सरकवतोय आणि हा माझ्याकडे एका डोळ्याने आणि भिंतीकडे दुसऱ्या डोळ्याने बघतोय. तिसऱ्या दिवशी सकाळी दिवे लागायच्या आधी दोन मिनिटं बारीक फवारा मारला आणि ड्रिपर मनी प्लांटच्या पानावर सोडला. पाच मिनिटं काही नाही. मग मान हळूच पुढे, एक थेंब त्याच्या नाकावरच पडला, दोन्ही डोळे गप्पकन मिटले, आणि मग तोंड उघडून पानाच्या टोकावरून चघळल्यासारखं प्यायला लागला, मी मोजलं, बारा मिनिटं पीत होता. मी श्वास रोखून बसलेलो, कारण हललो की थांबायचा.

आता तक्रार. सगळ्यात मोठी तक्रार यूव्हीबी बल्बची आणि दोन स्टार जाळीला दिले नसते तर या एका वस्तूसाठी मी शून्य दिला असता. किटमधला बल्ब पिळाचा, सीएफएलसारखा. याचा यूव्हीबी बल्बच्या खाली हातभर जागेत पडतो आणि बाजूला सरकलं की जवळपास काही नाही, त्यात वरची जाळी साधारण तिसरा हिस्सा खाते. प्रकाश मात्र झगझगीत दिसतो त्यामुळे आपल्याला वाटतं सगळं बरोबर चाललंय. यूव्हीबी डोळ्याला दिसत नाही हीच तर सगळी भानगड आहे. यूव्हीबी नाही तर कातडीत डी३ जीवनसत्त्व बनत नाही, डी३ नाही तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि वाढत्या पिल्लाला कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढतं.

सहाव्या आठवड्यात तात्या फांदीवर अंग उचलून चालायच्या ऐवजी कोपरं टेकवून सरकायला लागला. मला वाटलं आळस करतोय. मग नेम चुकायला लागला. याची जीभ अंगाच्या जवळपास दुप्पट लांब जाते आणि डोळ्याची पापणी लवायच्या आत किडा तोंडात असतो, तो प्राणी समोर चार इंचावरच्या रातकिड्यावर जीभ सोडतोय आणि जीभ अर्ध्यात लुळी पडतेय, परत आत ओढायला पण वेळ लागतोय, हे बघणं फार वाईट होतं. सरपटणारे प्राणी बघणाऱ्या डॉक्टरकडे नेलं. एक्स-रे मध्ये हाडं फिकट आणि पुढच्या पायाचं हाड किंचित धनुष्यासारखं वाकलेलं. मेटाबॉलिक बोन डिसीज, म्हणजे कॅल्शियम कमी पडून हाडं कमजोर होणं, सुरुवातीचा. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, कुठला दिवा लावता. मी ऐटीत म्हणालो यूव्हीबी आहे ना किटमधला. त्या काहीच बोलल्या नाहीत, नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी यूव्हीबीची लांब नळी घेतली, दिसायला ट्यूबलाइटसारखी, टी५ हाय आउटपुट म्हणजे बारीक पण जास्त जोराची, 5.0 वाली (हा आकडा यूव्हीबी किती ते सांगतो), पिंजऱ्याच्या पूर्ण रुंदीची, सोबत रिफ्लेक्टर. सगळ्यात वरची फांदी नळीपासून 20 ते 25 सेंटीमीटर खाली. ओळखीच्या एकाकडे सोलरमीटर, म्हणजे यूव्ही मोजायचं यंत्र, होता तो आणून मोजलं, नळीखाली फांदीवर यूव्ही इंडेक्स 3 च्या आसपास, जे यांना पाहिजे असतं, आणि किटच्या बल्बखाली त्याच फांदीवर अर्धा पण नाही. अर्धा! दीड महिना मी पोराला नुसत्या ट्यूबलाइटखाली वाढवत होतो म्हणायचं. आणि हो, नळी पण कायमची नाही, सहा महिने ते वर्षभरात यूव्हीबी उतरतो, उजेड येत राहिला तरी. मी नळीच्या टोकाला मार्करने तारीख लिहून ठेवलीय. खिडकीच्या काचेतून ऊन दिलं तर चालेल का असं विचारणाऱ्यांना, नाही चालत, काच यूव्हीबी अडवते.

डॉक्टरांनी तोंडातून द्यायचं कॅल्शियम दिलं, दोन महिन्यांत नेम परत आला, अंग उचलून चालायला लागला. पायाचा बाक मात्र गेला नाही, तो राहणार.

गरम बल्ब 100 वॉटचा हा पण वेडेपणा आहे. फांदीवर 38 डिग्री मोजलं मी. पिल्लाला बसायच्या जागी 27 ते 29 पुरतं आणि पिंजऱ्याच्या खालच्या भागात गारवा पाहिजे, म्हणजे त्याचं तो ठरवेल कुठे बसायचं ते. त्यात हे छताच्या जाळीला उलटे लटकतात आणि बल्ब जाळीवरच टेकलेला असेल तर तुरा भाजतो, त्यांना लगेच कळतही नाही. 40 वॉटचा साधा बल्ब जाळीपासून जरा उचलून लावला, काम झालं. लाल बल्ब तर पहिल्या आठवड्यात काढला. यांना लाल दिसतं, झोपायला ठार अंधार लागतो आणि रात्री तापमान उतरलेलंच बरं असतं. बारा तास उजेड, बारा तास अंधार, टायमर लावा आणि विसरा. टायमर किटमध्ये नाही, लाल बल्ब आहे, यावरून काय ते ओळखा.

सालीचे तुकडे फेकून द्या. जीभ चिकट, किड्याबरोबर तुकडा पोटात गेला तर आतडं अडतं. खाली कोरा कागद, रोज बदलायचा. प्लास्टिकच्या वेलींचं पण तेच, व्हेल्ड पानं खातात, खरंच खातात, तात्याने दुसऱ्याच आठवड्यात प्लास्टिकच्या पानाचा कोपरा चावून बघितला. मी मनी प्लांट आणि जास्वंद कुंडीसकट आत ठेवले, ओल पण टिकते आणि त्याला लपायला पण होतं. पिल्लाला लपायला जागा नसेल तर ते काळं पडतं आणि काळंच राहतं.

रंगावरून आठवलं, पुस्तिकेत लिहिलंय की तो आजूबाजूला बघून रंग बदलतो. एवढं चुकीचं छापायला पैसे कसे घेतात. रंग मूडचा आणि तापमानाचा असतो. 2015 मध्ये जिनिव्हा विद्यापीठातल्या लोकांनी पँथर शॅमेलिऑनवर दाखवलं की कातडीतल्या पेशींत बारीक स्फटिक असतात आणि त्यांच्यातलं अंतर कमीजास्त झालं की रंग बदलतो. आपल्याला रोजच्या वापरात एवढंच पुरतं की सकाळी गडद तपकिरी म्हणजे ऊन शोषून घेतोय, घाबरायचं नाही, दुपारी गडद म्हणजे काहीतरी बिनसलंय, रात्री फिकट म्हणजे गाढ झोप. मी एकदा साफसफाईला समोर आरसा टेकवला तर तात्या इतका फुगला आणि पट्टेपट्टे झाला की मलाच भीती वाटली. हे एकटे राहणारे प्राणी, दोन एकत्र ठेवू नका, भावंडं असली तरी.

पावडरबद्दल थोडक्यात. किटच्या डबीवर ‘रोज वापरा’ लिहिलंय आणि आत डी३ आणि जीवनसत्त्वं पण मिसळलेली आहेत. डी३ आणि ए जीवनसत्त्व शरीरात साठतात, रोज दिले तर उलटे पडतात. डॉक्टरांनी सांगितलं रोज साधं कॅल्शियम, चिमूटभर, आणि डी३वाली पावडर महिन्यातून दोनदा. किडे, म्हणजे रातकिडे, दुकानदार क्रिकेट्स म्हणतात त्यामुळे घरात आधी बराच गोंधळ झाला, ते याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठे नकोत. किड्यांना पण आदल्या दिवशी चांगलं पालेभाजी-गाजर खायला घालायचं, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. पिल्लू दिवसाला दहा-बारा खातं. किटचा कप इथे खरंच कामाचा, किडे त्यातच राहतात, पिंजऱ्यात पसरले तर रात्री झोपलेल्या पिल्लाला चावतात.

हातात घ्यायची घाई करू नका हे पुस्तिकेत कुठेच नाही उलट कव्हरवर एका मुलाच्या खांद्यावर बसलेला फोटो आहे. वरून हात आला की त्याच्या दृष्टीने पक्षी आला. मी महिनाभर फक्त हातात किडा धरून दारात उभा राहायचो. मग एक दिवस एक पाय बोटावर ठेवला, डुलत डुलत विचार केला, आणि परत फांदीवर गेला. पाचव्या महिन्यात कुठे चारी पाय हातावर आले, त्या दिवशी वजन 92 ग्रॅम.

तर घ्यायचं का? नुसती जाळी आणि ड्रिपर वेगळे मिळत असतील तर तेच घ्या आणि वाचलेले पैसे नळीत घाला. किट आधीच घेतलं असेल तर पिळाचा बल्ब आज काढा, उद्या नाही. काटेवाल्या ओलावा मीटरचं राहिलंच, मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकलाय, पेन आणि चार्जरच्या मध्ये पडलाय गेले चार महिने, आणि अजून 60 टक्के दाखवतोय.