डोंबिवली पूर्वेचं पोळीभाजी केंद्र, नोकरीवाल्यांनी नक्की बघा

स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर बायकांनी चालवलेलं छोटंसं केंद्र आहे. सीएसएमटीहून फास्ट लोकल मिळाली तरी मला घरी पोचायला साडेसात-आठ वाजतात, मग कणीक मळा, पोळ्या लाटा, भाजी चिरा, ओटा आवरा यात दीड तास कुठे जातो कळत नाही आणि तोवर लेक पेंगायला लागलेली असते, तिचा गृहपाठ तसाच. आता ठाणं गेलं की व्हॉट्सअॅपवर ऑर्डर टाकते आणि येता येता उचलते. घरी कुकर नवरा लावतो, भाजी कधी आमची कधी त्यांची, पण पोळ्या त्यांच्याच.

पोळ्या खरंच घडीच्या असतात, पदर सुटतात, तेल बेताचं. तव्यावरून काढून सुती फडक्यात रचून ठेवतात म्हणून सकाळी डब्यालाही मऊ लागतात. फक्त गरमगरम फॉइलमध्ये बांधून घेऊ नका, वाफ धरते आणि खालच्या दोन-तीन ओल्या होतात. स्वतःचा डबा न्या, देतात भरून. मेथीची पीठ पेरून भाजी आणि वालाचं बिरडं एकदम झकास! आमटी मला जरा गोड वाटते, आणि बटाट्याची भाजी फारच वेळा असते हो.

घरच्यापेक्षा महाग पडतं, खोटं कशाला बोलू. पण काउंटरवर एकेका पोळीमागे घासाघीस करणारे बघितले की राग येतो, कारण दुपारपासून तव्यासमोर उभ्या असलेल्या त्या ताईंनाही घरी जाऊन पोरांचं बघायचंच असतं ना. गिरणगावात कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं, तेव्हा गिऱ्हाईक गिरणी कामगार होता, आता लोकलमधून उतरणाऱ्या आपण आहोत, पण चुलीपुढचे कष्ट तेच आहेत आणि त्याचे पूर्ण पैसे द्यायलाच हवेत. सासूबाईंना आधी विकतच्या पोळ्या पटत नव्हत्या, आता त्याच आठवण करतात की आज ऑर्डर टाकलीस का गं.

सोमवारी बंद असतं. साडेआठनंतर पोळ्या संपतात, उशीर होणार असेल तर आधी कळवा, बाजूला काढून ठेवतात. संकष्टीचे उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशीच सांगा.