गिट: रेंज जाणाऱ्या गावातून ओपन सोर्सचं काम

लातूर-नांदेडकडच्या गावात बसून ओपन सोर्सचं, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरचं काम करायचं तर गिटसारखं हत्यार नाही; कोडमधला प्रत्येक बदल ते नोंदवून ठेवतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ते लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यासाठी लिहिलं. बदलांचा सगळा इतिहास आपल्याच डिस्कवर असतो, त्यामुळे रेंज नसली तरी कमिट (बदल नोंदवणं), ब्रँच (कामाची वेगळी फांदी काढणं), डिफ (फरक पाहणं), लॉग (जुन्या नोंदी पाहणं) सगळं चालतं. एकदा कोड उतरवून घेतला की नेट लागतं ते पुश (आपले बदल सर्व्हरवर पाठवणं) आणि फेचपुरतं (तिथले नवे बदल आणणं).

खोट मोठी आहे ती क्लोनमध्ये, म्हणजे पहिल्यांदा सगळा कोड इतिहासासकट उतरवताना. लाइट गेली, राउटर बंद पडला, की ऐंशी टक्के उतरलेलंही वाया; पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मोठा रेपो (प्रकल्पाचा कोड आणि इतिहास यांचा साठा) घेताना 'डेप्थ' १ देऊन फक्त शेवटचं कमिट आणावं. मग फेच करताना 'डीपन' देऊन पन्नास-पन्नास कमिटने मागे जावं. मध्येच तुटलं तरी आधीचा टप्पा हातात राहतो. 'फिल्टर' लावून ब्लॉब (फायलींमधला मजकूर) वगळलेलं क्लोनही हलकं असतं, पण त्यात ब्लेम (कुठली ओळ कोणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) चालवलं की जुन्या फायली नेटवरून ओढाव्या लागतात.

गावात दोघं-तिघं असतील तर एकानेच पूर्ण क्लोन करावं आणि 'बंडल', म्हणजे सगळा रेपो एकाच फायलीत बांधून पेनड्राइव्हवर द्यावं. बाकीच्यांनी त्या फायलीवरून क्लोन करून ओरिजिनचा (जिथून पुढचे बदल आणायचे त्या मूळ रेपोचा) पत्ता तेवढा बदलावा. या एका सोयीसाठीही गिट शिकावं.