८ किलोच्या रोबोत स्वस्त मोटर ड्रायव्हर: एक अख्खा सीझन वापरल्यावर

आमच्या ८ किलोच्या रोबोत ड्राइव्हसाठी, म्हणजे चाकांच्या मोटर चालवायला, आयबीटी-२ हे मोटर ड्रायव्हर बोर्ड आहेत. एका बाजूच्या दोन जॉन्सन गियर मोटर मिळून एक बोर्ड, बॅटरी ३एस (तीन सेलची) लायपो. कॉलेजच्या रोबोवॉरला उतरणाऱ्यांच्या बजेटमध्ये बसणारा हाच पर्याय आहे, आणि नीट समजून वापरला तर तो मनापासून आवडण्यासारखा आहे. एल२९८एन या दुसऱ्या ड्रायव्हरच्या वाटेला मात्र जाऊ नका. चॅनलला २ अँपिअर, वर दोनेक व्होल्ट तो स्वतःच खातो.

आयबीटी-२ विकताना ४३ अँपिअर हा आकडा ठळक छापतात. बोर्डवरची बीटीएस७९६० चिप करंट साधारण जिथे अडवते ती ही पातळी आहे. बोर्ड सतत तेवढा करंट देईल असं समजू नका. आमच्या बंद चासीत १०-१२ अँपिअर थोडा वेळ जरी चालले तरी मागच्या हीटसिंकला हात लावता येत नाही.

म्हणून आधी मोटर मोजा. दोन टर्मिनलना मल्टिमीटर लावा, शाफ्ट थोडा थोडा फिरवत रीडिंग घ्या, त्यातलं सर्वांत कमी धरा आणि प्रोबच्या वायरींचा रेझिस्टन्स वजा करा. आमचं उत्तर १.५ ओहम आलं. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे चाक जाम झालं की एक मोटर ८.४ अँपिअर ओढणार, दोन मिळून जवळजवळ १७. त्यात पूर्ण वेगात असताना रिमोटची स्टिक एकदम उलटी खेचली, तर मोटरचा बॅक-ईएमएफ (फिरताना ती स्वतः तयार करते ते व्होल्टेज) बॅटरीच्या व्होल्टेजमध्ये मिळतो आणि क्षणभर करंट स्टॉलच्या, म्हणजे चाक जाम असतानाच्या, दुपटीजवळ जातो. आमचा रोबो चालवणाऱ्याला असं खेचायची सवय आहे, त्यामुळे कोडमध्ये रॅम्प टाकला, म्हणजे वेग एकदम न बदलता हळूहळू बदलतो. बोर्डांचं तापणं लगेच कमी झालं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी विक्रेत्याच्या पानावर कुठेच नसते. ही चिप जास्त तापली की बंद होते आणि लॅच होते. थंड झाली तरी आपोआप सुरू होत नाही, चिप चालू-बंद करणारी इनेबल पिन एकदा लो (० व्होल्ट) करावी लागते. बहुतेक सर्किटमध्ये दोन्ही इनेबल सरळ ५ व्होल्टला जोडलेल्या दिसतात. मग सामन्याच्या मध्यात एक बाजू मेली की पॉवर बंद करून सुरू केल्याशिवाय ती उठत नाही, आणि अरीनात ते शक्य नसतं. आम्ही इनेबल आर्डुइनोकडे (कोड चालवणाऱ्या छोट्या कंट्रोलर बोर्डाकडे) दिल्या आहेत: स्टिक मध्यावर आली की लो, हलवली की हाय. बोर्ड पुरेसा निवला असेल तर गडी परत लढायला तयार! रिसीव्हरचा पल्स यायचा थांबला तरी त्याच पिन लो होतात, त्यामुळे फेलसेफही (सिग्नल तुटला की रोबो थांबवणारी सोय) तिथेच झाला. ट्रान्समीटर बंद करून तो प्रत्येक सामन्याआधी तपासाच.

जंपर वायर अजिबात नको. पहिल्या दणक्यात सुटतात. सगळं सोल्डर करा, वर हॉट ग्लू.

६एस (सहा सेलच्या) बॅटरीवर मी हा बोर्ड लावणार नाही. मर्यादा २७.५ व्होल्ट, भरलेली बॅटरीच २५.२, आणि ब्रेक मारताना मोटर बॅटरीच्या बाजूला व्होल्टेज परत ढकलते. तिथे पैसे साठवून सायट्रॉन कंपनीचा एमडीडीएस३० ड्रायव्हर घ्यावा. दोन चॅनल, प्रत्येकी ३० अँपिअर, ३५ व्होल्टपर्यंत. रिसीव्हर थेट जोडता येतो, म्हणजे मधला आर्डुइनोच गेला. मित्रांच्या १५ किलोच्या रोबोत तो चालवून पाहिला. किंमत कितीतरी पट आहे, पण हळू वेगातला कंट्रोल फार सुंदर.

३२० अँपिअर लिहिलेले रिमोट कारचे ब्रश्ड ईएससीही (मोटरचे स्पीड कंट्रोलर) स्वस्तात मिळतात. त्यांच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि ब्रेक असलेलं मॉडेल तर घेऊच नका. स्टिक मागे ओढली की ते आधी ब्रेक लावतं, रिव्हर्ससाठी पुन्हा मध्यावर यावं लागतं. दोन बाजूंच्या चाकांवर वळणाऱ्या रोबोला हे चालत नाही.

वेपनच्या (फिरत्या ब्लेडच्या) ब्रशलेस मोटरला रिमोटच्या विमानाचा साधा ईएससी पुरतो, कारण ती एकाच दिशेने फिरते. फक्त त्याचा लो-व्होल्टेज कटऑफ (व्होल्टेज उतरलं की मोटर थांबवणारी सोय) बंद करून घ्या. ब्लेड वेग पकडताना बॅटरीचं व्होल्टेज क्षणभर बसतं आणि तेवढ्यावर वेपन थांबू शकतं. सामना संपला की मात्र सेलचं व्होल्टेज आठवणीने मोजायचं, कारण आता बॅटरी सांभाळणारं दुसरं कोणी नाही.