कॉलेज फुटबॉल २५: ‘रोड टू ग्लोरी’ कितपत रंगतं?
ईए स्पोर्ट्सने जुलै २०२४ मध्ये पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स/एसवर आणलेल्या या अमेरिकन फुटबॉलच्या व्हिडिओ गेममध्ये १३४ कॉलेज संघ आहेत. ‘रोड टू ग्लोरी’ म्हणजे एकाच खेळाडूची कॉलेजातली कारकीर्द खेळायचा मोड. त्यात खेळाडूला जागा पाचच: क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा), हाफबॅक (चेंडू घेऊन धावणारा), रिसीव्हर (पास झेलणारा), आणि बचावातले लाइनबॅकर, कॉर्नरबॅक. पाच ताऱ्यांचा, म्हणजे सर्वात वरच्या दर्जाचा, खेळाडू घेतलात तर सगळं सोपं. दोन ताऱ्यांचा घ्या, म्हणजे बेंचवर बसून प्रशिक्षकाचा विश्वास कमवावा लागतो. खरा कस तिथेच. आठवड्याची ऊर्जा अभ्यास, सराव, तब्येत, नेतृत्व, ब्रँड (स्वतःची प्रसिद्धी) यांत वाटायची. सगळी सरावात ओतलीत की ग्रेड घसरलेच. क्वार्टरबॅकने चेंडू धरून ठेवला की मार बसतो, आणि तोच खांदा पुन्हा पुन्हा दुखावला तर थ्रोचा जोर उतरतो. हायस्कूलचा टप्पा मात्र गायब, आणि गोष्ट बहुतेक फोनवरच्या मेसेजांतूनच पुढे सरकते. कंटाळवाणं आहे ते.