कोलोरॅडोत ४० एकरांचं रँच: दीड वर्ष वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो: जागेवर खूश आहोत. पण विकताना ज्या गोष्टींचं कौतुक झालं त्यांच्यावर इथलं काही चालत नाही, आणि ज्यांबद्दल एजंटने चकार शब्द काढला नाही त्यांच्यावरच सगळं चालतं. डेन्व्हरच्या आसपासची बरीच मराठी मंडळी हल्ली ‘डोंगरात थोडी जमीन बघतोय’ म्हणतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

जागा कस्टर काउंटीत, वेस्टक्लिफजवळ, वेट माउंटन व्हॅलीत. उंची ७,९०० फुटांच्या आसपास, समोर सांग्रे दे क्रिस्तोची रांग, डेन्व्हरहून गाडीने साधारण तीन तास. जुनं छोटं घर, एक बार्न, बोअर, आणि शेजाऱ्यांबरोबरच्या सामाईक पाटात हिस्सा. उन्हाळाभर इथून काम करतो, थंडीत शनिवार-रविवार.

तर पाणी. कोलोरॅडोत जमीन आणि पाणी या दोन वेगळ्या मालमत्ता आहेत. तुमच्या कुंपणातून ओढा खळाळत वाहत असेल, पण हक्क नसेल तर त्यातलं पाणी पाटाला वळवता येत नाही. छपरावरून पडणारं पावसाचं पाणी पिंपात भरायलासुद्धा २०१६ साली परवानगी मिळाली, तीही दोन पिंपं, मिळून ११० गॅलन. नियम एकच, ज्याचा हक्क जुना त्याचं पाणी आधी. या खोऱ्यात १८७० साली शिकागोहून जर्मन मंडळी वसाहत करायला आली, आणि त्या दशकातले हक्क धरून बसलेली शेतं आजही आहेत. आमच्या पाटाची तारीख १८८४ ची. म्हणजे आम्ही ‘ज्युनियर’. खाली कुठेतरी १८७१ वाला बसलाय, त्याला पाणी कमी पडलं की ‘कॉल’ (म्हणजे आधी माझं पाणी द्या, अशी मागणी) येतो आणि आमचं हेडगेट, म्हणजे पाटाच्या तोंडाचं दार, बंद.

वडील आले होते तेव्हा त्यांना हे काही केल्या पटेना. त्यांचा जन्म गेला प्रवरेच्या कालव्यावर, भंडारदऱ्याचं आवर्तन कधी सुटतंय याची वाट बघण्यात. ‘अरे, टेलवाला बोंबलतो, वरचा पोटभर पितो, हीच जगाची रीत,’ म्हणाले. इथे वरच्याने खालच्यासाठी पाणी सोडायचं, कारण खालच्याच्या कागदावरचं साल जुनं. दुसऱ्या दिवशी वॉटर कमिशनर, म्हणजे पाणीवाटप बघणारा सरकारी माणूस, आला तेव्हा ते मुद्दाम पाटावर गेले. पाटात पत्र्याचा एक अरुंद नाळा बसवलेला असतो, पार्शल फ्ल्यूम. इथल्याच फोर्ट कॉलिन्सच्या राल्फ पार्शलने १९२० च्या दशकात काढलेला. आत एक उभी पट्टी, फुटाचे दहावे-शंभरावे भाग कोरलेली. आमचा फ्ल्यूम एक फूट रुंद आहे, पट्टीवर ०.४ ला पाणी असलं की साधारण एक क्युसेक. कमिशनर वाकला, आकडा बघितला, वहीत टिपला, गेटचं चाक अर्ध फिरवलं, पुन्हा बघितलं. ना वाद, ना आरडाओरडा. क्युसेक ऐकल्यावर वडिलांचा चेहरा जरा सैल झाला.

व्यवहारात याचा अर्थ असा की जुलै उजाडला की आमचं पाणी बहुधा संपतं. गवताची एक कापणी होते. या उंचीवर तसाही एकाच कापणीचा हंगाम, त्यामुळे फार बिघडत नाही, पण जाहिरातीत ‘इरिगेटेड मेडो’ (ओलिताचं कुरण) लिहिलेलं असतं आणि ते ऑगस्टमध्ये पिवळं पडलेलं असतं, एवढं धरून चाला.

बघताना तीन कागद मागा. पाण्याची डिक्री (हक्क ठरवणारा कोर्टाचा हुकूम), गेल्या काही वर्षांत प्रत्यक्ष किती पाणी उचललं त्याच्या नोंदी (राज्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात), आणि डीडमध्ये (खरेदीखतात) पाण्याचा स्वतंत्र उल्लेख. सलग दहा वर्षं हक्क वापरला नसेल तर तो सोडून दिल्याचं गृहीत धरता येतं. आणि टायटल इन्शुरन्स (जमिनीच्या मालकीहक्काचा विमा) पाण्याला सहसा लागू नसतो, ही गोष्ट आम्हाला वकिलाकडून कळली, एजंटकडून नाही. पाण्याचा वेगळा वकील केला. फी जड वाटली खरी, पण अख्ख्या व्यवहारात तिच्याइतका सत्कारणी लागलेला पैसा दुसरा नाही.

बोअरचं गणित निराळं. पस्तीस एकर किंवा जास्त जागा असेल तर घर, जनावरं आणि एक एकरापर्यंत बागेसाठी पाणी घेता येतं, मिनिटाला १५ गॅलनच्या आत. पस्तीसच्या खालच्या तुकड्याला बऱ्याचदा फक्त घरातल्या वापराचं परमिट मिळतं. अंगणातल्या टोमॅटोला पाणी घालणंही त्यात बसत नाही. सगळीकडे ३५, ४० एकरांचे तुकडे विकायला दिसतात त्यामागे हेही एक कारण आहे.

टायटल कमिटमेंटमधल्या (हा विमा देण्याआधी कंपनी जो कागद देते त्यातल्या) अपवादांची यादी कोणी वाचत नाही. वाचा. आमच्या यादीत १९१६ च्या होमस्टेड कायद्याखाली केंद्र सरकारने राखून ठेवलेली खनिजं निघाली. म्हणजे वरचं गवत आमचं, खालचं काही असेल ते सरकारचं. आम्ही तरीही घेतली, कारण आसपास कोणी काही खणत नाही. दुसरी एक जागा मात्र सोडली. दिसायला याहून देखणी, पण तिकडे जाणारा रस्ता शेजाऱ्याच्या जमिनीतून, आणि वहिवाटीचा नोंदवलेला हक्क कुठेच नव्हता. ‘सगळे इथूनच जातात हो,’ असं उत्तर मिळालं. हे वाक्य गावाकडे इतक्यांदा ऐकलंय की तिथूनच परत फिरलो.

कुंपणाचा कायदाही उलटा. दुसऱ्याची गुरं तुमच्या शेतात आली तर तक्रार कसली करताय, आधी स्वतःचं कुंपण दाखवा: काटेरी तारेच्या तीन ओळी, साधारण वीस-वीस फुटांवर मजबूत खांब. एल्क हरणं हिवाळ्यात ते तोडतात, वसंतात आपण जोडायचं. कोरड्या कुरणावर एका गाय-वासराला वर्षभर तीस-पस्तीस एकर सहज लागतात, तेव्हा स्वतःची गुरं पाळून इथे पैसे सुटतील हा विचार सोडा. आम्ही चराई शेजारच्या रँचरला दिलीय. गुरं त्याची, ब्रँड (गुरांवरचा मालकीचा डाग) त्याचा, आणि आधीपासून चराई चालू असल्यामुळे शेतजमिनीचा कमी कर आमचा.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत असते. वाऱ्याबद्दल कोणी सांगत नाही. बर्फ वीतभर पडतो आणि वारा तो उचलून नेमका आपल्या रस्त्यावर कमरेएवढा रचतो. काउंटीचा रस्ता काउंटी साफ करते, त्यापुढचा आपण. बार्नजवळच्या हायड्रंटला (बाहेरच्या उभ्या नळाला) रात्री नळी जोडलेली राहिली तर आतलं पाणी खाली उतरत नाही आणि पाइप तडकतो. विमा हा सगळ्यात वैतागाचा भाग. पहिल्या कंपनीने वणव्याचा धोका आणि अग्निशमन ठाण्याचं अंतर दाखवून नूतनीकरण नाकारलं, दुसरी बरीच महाग पडली. ऑफर देण्याआधी विम्याचा आकडा लेखी मागून घ्या.

आवडलेलं काय? आकाश. वेस्टक्लिफ आणि शेजारचं सिल्व्हर क्लिफ २०१५ पासून ‘डार्क स्काय’ (रात्रीचा काळोख जपणारी) गावं आहेत, आणि आकाशगंगा बघायला इथे मान वर करण्यापलीकडे काही करावं लागत नाही. शेजारीही. मदत मागितली की ट्रॅक्टर घेऊन हजर, न मागता कोणी डोकावत नाही.

जागा बघायला जुलैत जाऊ नका, मार्चमध्ये जा. चिखल, वारा, वाळकं गवत, रस्ता कुठपर्यंत उघडा आहे, सगळं दिसतं, आणि विकणाराही भावाला जरा नरम असतो.