६ कपड्यांचा ऑफिस सेट घेतला, ४ महिने घातला, आता सांगते

जॉब पक्का झाल्याचा मेल आला त्या रात्री कपाट उघडून बसले तर आतून निघालं काय, जीन्स, कॉलेजचे टीशर्ट आणि इंटरव्ह्यूसाठी मैत्रिणीकडून आणलेला ग्रे ब्लेझर, जो परत द्यायचा राहिलेला. जॉइनिंगला दहा दिवस आणि पहिला पगार त्याच्यापुढे महिन्याने. एकेक कपडा शोधत बसायला ना वेळ होता ना पैसे, म्हणून ऑनलाइन एक तयार सेट दिसला तो घेऊन टाकला. नाव सांगत नाही, असे सेट आता बरेच जण विकतात. माझ्यात काळी ट्राउझर, नेव्ही ब्लू ट्राउझर, पांढरा शर्ट, निळ्या पट्ट्यांचा शर्ट, एक मरून टॉप आणि काळा ब्लेझर असं आलं.

जाहिरातीत लिहिलेलं '१२ लुक'. हिशोब चुकीचा नाही हां, २ ट्राउझर गुणिले ३ वरचे म्हणजे ६, आणि ब्लेझर घालून व न घालता म्हणून १२. आयडिया पण काही नवीन नाही, अमेरिकन फॅशन डिझायनर डोना कॅरनने १९८५ साली 'सेव्हन ईझी पीसेस' नावाने हेच केलेलं, थोडेच कपडे पण सगळे एकमेकांवर जाणारे. फक्त ते स्वस्तातलं काम नव्हतं. स्वस्तात करायला गेलं की १२ चे किती उरतात ते खाली वाचा.

आधी ट्राउझरबद्दल, कारण या सेटमध्ये पैसे वसूल झाले असतील तर इथेच. लेबलवर पॉलिएस्टर ६५ टक्के, व्हिस्कोस ३२ आणि स्पॅन्डेक्स (ताणणारा धागा) ३. मी 'पॉलिएस्टर' वाचून तोंड वाकडं केलेलं, पण ऑफिसच्या ट्राउझरला हे मिक्स खरंच चांगलं, पॉलिएस्टरमुळे दिवसभर बसून उठलं तरी मांडीवर सुरकुत्यांचा नकाशा होत नाही, व्हिस्कोसमुळे कापड छान पडतं आणि तो स्वस्त चकचकीतपणा कमी होतो, आणि ३ टक्के स्पॅन्डेक्स खुर्चीत बसताना कमरेला कळतं. त्याहून जास्त स्ट्रेच असेल तर मी तरी घेत नाही, गुडघ्याला फुगे येतात आणि मागून लेगिंग्ससारखं दिसतं. खिसे पुढचे खरे आहेत, मागचे खोटे, नुसती पट्टी शिवलीये. पुढच्यात मोबाइल अर्धाच जातो. पण खिसा आहे हेच खूप, बायकांच्या ट्राउझरमध्ये यावर आनंद मानावा लागतो.

आता माझा मूर्खपणा. नेव्हीवाली लांब होती म्हणून आल्या आल्या टेलरकडे देऊन उंची कमी केली, फ्लॅट चपलांवर एकदम परफेक्ट. दोन धुण्यांनंतर बघते तर घोट्याच्या वर! व्हिस्कोस आटतं, हे मला माहीत नव्हतं अशातला भाग नाही, घाई नडली. काळीला मग आधी दोनदा धुतलं, वाळवलं, आणि ऑफिसला रोज जे बूट घालते तेच घालून माप दिलं. आत साधारण ४ सेंटीमीटर कापड दुमडलेलं होतं ते टेलरला कापू दिलं नाही, नुसतं वर घ्यायला लावलं, म्हणजे पुढे सोडवता येतं. आणि व्हिस्कोस ओलं असताना एकदम कमजोर पडतं, ताकद निम्म्यापर्यंत कमी होते म्हणतात, त्यामुळे पिळू नका, नुसतं दाबून पाणी काढा. उलटं करून धुवायचं हे तर आहेच.

मांड्यांच्या आतल्या बाजूला आता बारीक गोळे यायला लागलेत. पॉलिएस्टर मिक्सला येतातच, कारण सुती गोळे घासून गळून पडतात, याचा धागा चिवट, तो गोळ्याला सोडतच नाही. गोळे काढायचं मशीन फिरवलं की जातात, महिन्याभराने परत.

शर्ट. पांढरा आल्या दिवशीच परत पाठवायला हवा होता. शर्टाच्या आत हात घालून बघा, बोटं मोजता आली तर तो शर्ट ऑफिसला एकटा घालता येत नाही, माझ्यात तर नखं दिसत होती. म्हणजे आत स्लिप आली, स्लिप म्हणजे आणखी खर्च आणि आणखी उकाडा. पांढऱ्याच्या आत पांढरं नको, स्किन कलरचं घ्या, पांढरं उलट जास्त दिसतं. शिवाय छातीपाशी दोन बटणांच्या मध्ये फट पडते, तिथे आतून एक प्रेस बटण लावून घेतलं, पाच मिनिटांचं काम, आता निवांत हात वर करते. पट्ट्यांचा शर्ट मात्र सुती आहे आणि एक नंबर. शिवताना खिशावरच्या पट्ट्या शर्टाच्या पट्ट्यांना जुळवल्यात, स्वस्त कपड्यात कोण एवढं करतं? इस्त्री लागते पण चालतंय. मरून टॉप १०० टक्के पॉलिएस्टर, दिसायला मस्त, संध्याकाळपर्यंत काखेला वास. हे कापड घाम शोषतच नाही आणि वास धुतल्यावर पण पूर्ण जात नाही. एसी मीटिंगच्या दिवसापुरता ठेवलाय.

आणि ब्लेझर. जाहिरातीत सगळ्यात पुढे हाच होता. पहिल्या दिवशी आरशात बघून मी स्वतःवर खूश, काळ्या ट्राउझरवर काळा ब्लेझर, फुल सूट. (मागच्या कटवरची ती फुलीसारखी टाक्यांची शिलाई कापायची असते बरं का, डिझाइन नाहीये ते, मी एक दिवस तशीच फिरले.) झालं असं की ट्राउझर आठवड्यात दोनदा घातली जाते आणि धुतली जाते, ब्लेझर महिन्यातून दोनदा बाहेर निघतो. तीन महिन्यांत ट्राउझरचा काळा वेगळा आणि ब्लेझरचा वेगळा, घरात कळत नाही, बाहेर उजेडात आलं की एक करडट आणि एक कुळकुळीत. मग सूट कसला, चुकून जुळवल्यासारखं दिसतं. तेव्हापासून तो नेव्हीवरच घालायला लागले, आणि १२ मधले ३ लुक तिथेच गेले. त्यापेक्षा ब्लेझर मुद्दाम वेगळ्या रंगाचा असता तर हा प्रश्नच आला नसता. त्यात मी लेबलवरची ड्रायक्लीनची गोल खूण न बघता तो घरी धुतला आणि कॉलरवर फोड आल्यासारखे फुगे आले, आतलं चिकटवलेलं अस्तर सुटलं की असं होतं, ते इस्त्रीने बसत नाही. मैत्रिणीचा ग्रे ब्लेझर अजून माझ्याकडेच आहे, सध्या तोच चालवते. तिला सांगितलंय.

खरा राग साइजचा आहे. सगळा सेट एकाच साइजमध्ये, आणि माझे खांदे मीडियम, कंबर लार्ज. लार्ज मागवला तर ब्लेझरचे खांदे लोंबत होते. बाह्या, बाजू, उंची टेलर कमी करून देतो पण खांदा उसवायचा म्हणजे अख्खा ब्लेझर उघडायचा, त्या मजुरीत दुसरा येईल. कस्टमर केअरला लिहिलं तर उत्तर आलं की एक पीस बदलून मिळत नाही, अख्खा सेट परत करा. जॉइनिंग तोंडावर, कुठे परत करत बसू, ठेवला. त्यांचा साइज चार्ट पण नीट वाचा, काही ठिकाणी माप अंगाचं दिलेलं असतं आणि काही ठिकाणी कपड्याचं, दोन्हीत चांगला चारपाच सेंटीमीटरचा फरक पडतो.

तर सहापैकी रोजच्या वापरात राहिले तीन, दोन ट्राउझर (नेव्ही आता अँकल लेंथ म्हणून खपवते) आणि पट्ट्यांचा शर्ट. सेटची किंमत सहाने भागली तर स्वस्त वाटते, तिनाने भागली तर सुटे कपडे घेतले असते तेवढीच. घाईत असाल आणि खांदा-कंबर एकाच साइजमध्ये बसत असेल तर घ्या, वाईट नाही. मी आता दुसरी काळी ट्राउझर त्यांच्याचकडून सुटी मागवलीये, काल आली, तशीच बादलीत टाकलीये.